वॉलीच्या उड्यांचा उन्हाळा

टॅमरॅक लेक, मिनेसोटा
९ जून

प्रिय ब्रिटा,

हार्लन आणि मी, आम्ही दोघं बरी आहोत, तूही बरी असशील. इकडे सकाळी अजून स्वेटर लागतो. परसात र्‍हुबार्ब नावाची आंबट भाजी माजलीय, शेजारीपाजारी वाटूनही संपत नाही. चर्चच्या तळघरातला स्वयंपाक यंदा माझ्याकडे आलाय, त्यामुळे सारखी तिथेच असते.

तुझं पत्र मिळालं. मार्कसची ओरेगनची नोकरी, तिथे बघितलेलं घर, तुमचं ऑक्टोबरातलं लग्न, सगळं दोनदा वाचलं. आनंद झाला. खरंच झाला. शेवटी तू जे विचारलंयस त्याचं सावकाश लिहिते. त्यासाठी फोन नको करूस. फोनवर मी गप्प झाले की तुला वाटतं लाईन तुटली.

वॉलीची खबर मात्र सांगण्यासारखी आहे. तो जाडा झालाय आणि उनाडही. गेल्या आठवड्यात गळ्यातला दोर तोडून तळ्यावर गेला. म्हातारा लुंडीन गळ टाकून बसला होता. हा काठावरून पोहत गेला आणि गळाचं तरंगणारं बोंड तोंडात धरून, दोरीबिरीसकट, त्याच्यापुढे नेऊन ठेवलं. लुंडीन तरातरा आमच्या दारात आला. म्हणाला, "आर्डिस, एक तर या कुत्र्याला मासेमारीचा परवाना काढून दे, नाही तर बांधून ठेव!" मग कॉफी प्यायला बसला आणि त्यानंच सांगितलं, की हमरस्त्यापलीकडच्या एका शेतावर रोंडा नावाच्या बाईनं जुन्या यंत्रांच्या शेडमध्ये कुत्र्यांसाठी हौद बांधलाय. हौदाला लांबलचक लाकडी धक्का. कुत्र्यानं धक्क्यावरून धावत यायचं, मालकानं पाण्यावर खेळणं फेकायचं आणि कुत्र्यानं त्यामागे झेप घ्यायची. कोण किती लांब जातो ते मोजायचं. डॉक डायव्हिंग म्हणतात त्याला. मोठी माणसं यापायी आपले शनिवार घालवतात म्हणे.

मीही घालवला. वॉलीला लाइफ जॅकेट घातलं, उतारावरून सोडलं, तर असा सळसळत पोहला की बाकीचे लोक बघत राहिले. पण धक्क्यावर नेलं आणि सगळं अडलं. मी फेकलेलं खेळणं माझ्याच पायापाशी पडलं, ते सोड. पुढचं रोंडानं फेकलं. वॉली धावत टोकापर्यंत गेला आणि तिथे थांबला. पुढचे पाय कडेवर, सगळं अंग थरथरतंय, कुईकुई करतोय, आणि पाण्याकडे न बघता मागे दाराकडे बघतोय. तीनदा केलं, तीनदा तेच.

रोंडा म्हणाली, "हा पाण्याला भीत नाही हो. कुणाची तरी वाट बघतोय. घरी अजून कोण असतं?"

मी म्हटलं, "कुणी नाही."

हे तोंडातून गेलं आणि मलाच ओशाळल्यासारखं झालं. कारण हार्लन बाहेर ट्रकमध्ये पेपर वाचत बसला होता. पण तुला ठाऊकच आहे, तो आणि वॉली एका छपराखाली राहतात एवढंच. तीन हिवाळे झाले, त्यानं कुत्र्याच्या डोक्यावर हात ठेवलेला मी पाहिलेला नाही. कुत्राही त्याच्या खुर्चीला वळसा घालून जातो.

तब्येतीला जप. लग्नाचा पोशाख शिवणार की विकत घेणार?

तुझी,
आर्डिस


२ जुलै

प्रिय ब्रिटा,

तुझी चिठ्ठी आली. उत्तर राहिलं हे खरं आहे, रागावू नकोस. आज दुसरंच सांगायला बसलेय.

वॉलीनं उडी मारली.

तिसर्‍या शनिवारीही तो टोकावर अडला, तेव्हा मीच कंटाळले. रोंडा म्हणाली, "काही कुत्री नाही मारत उडी. राहू द्या, पोहू दे नुसता." मी पट्टा लावायला वाकले, तर शेडच्या दारातून आवाज आला, "एवढ्या जवळ फेकल्यावर कोण उडी मारेल?"

हार्लन होता. ट्रकमध्ये उकडत होतं म्हणून सावलीला आला होता, असं तो म्हणतो.

रोंडानं लगेच खेळणं त्याच्या हातात कोंबलं. "मग अहो, तुम्हीच दाखवा की! तिथून सल्ले सगळेच देतात." तुझा सासरा चिडला. तो चिडला की त्याचे कान लाल होतात, तसे झाले. धक्क्यावर गेला, वॉलीला मागच्या टोकाला बसवलं. हात न लावता, नुसत्या बोटाच्या खुणेनं. मग दोन बोटं तोंडात घालून शीळ घातली.

ब्रिटा, ती शीळ तुला माहीत आहे. कर्टिसला ती हार्लननंच शिकवली होती, तो सहा-सात वर्षांचा असताना. दोघांची शीळ इतकी सारखी, की शेतावरून ऐकू आली की मला कळायचं नाही बाप आहे की लेक. तुझा कर्टिस गेल्यापासून हार्लननं एकदाही ती घातली नव्हती.

वॉली सुटला. त्याची नखं फळ्यांवर वाजत गेली आणि मग वाजायची थांबली. तो हवेत होता. पाय ताणलेले, कान मागे. पाणी माझ्या चष्म्यावर उडालं.

रोंडा ओरडली, "तेरा फूट! पहिल्यांदा तेरा! काय हो, कसं वाटलं?"

"वाईट नाही," हार्लन म्हणाला. आपल्याकडे याच्या वर शब्द नाही.

पण पुढचं ऐक. वॉली खेळणं घेऊन उतारावरून वर आला आणि हार्लनकडे धावला. अगदी जवळ जाऊन थबकला. त्याच्या तोंडाकडे बघितलं, हाताचा वास घेतला. मग शेडभर फिरला. खुर्च्यांमागे, दाराबाहेर, ट्रकच्या उघड्या खिडकीशी दोन पायांवर उभा राहून आत डोकावला. आम्ही दोघं तसेच उभे. रोंडाला काय माहीत? ती म्हणाली, "काय शोधतोय हा?"

हार्लन म्हणाला, "काही नाही."

थोड्या वेळानं वॉली परत आला आणि खेळणं हार्लनच्या बुटावर ठेवलं. हार्लननं ते उचललं. त्या दिवशी त्यांनी अजून चार उड्या मारल्या. घरी येताना कुत्रा दोघांच्या मध्ये बसला होता, चिंब ओला, आणि माझी एक बाजू भिजली तरी मी काही बोलले नाही.

आता ते रोज जातात. मला विचारतसुद्धा नाहीत.

तुझी,
आर्डिस


२१ जुलै

प्रिय ब्रिटा,

आज गोल गोल लिहीत नाही. वॉलीला ओरेगनला न्यायचं म्हणतेस. तो तुझा आहे. तू आणि कर्टिसनं लग्नाआधी आणलेला, तळहातावर मावेल एवढा. वॉलआय नावाचा मासा कर्टिसला कधी गळाला लागला नाही म्हणून या काळ्या पिल्लाचं नाव वॉली, हे तूच मला सांगितलं होतंस. त्या जानेवारीत तू त्याला आमच्या दारात सोडून गेलीस तेव्हा म्हणाली होतीस, "मला याच्याकडे बघवत नाही. हा वाचला आणि तो नाही, हेच मनात येतं." मी तुला तेव्हाही दोष दिला नाही, आज तर नाहीच. आता तुला त्याच्याकडे बघवतं, याचा अर्थ तुझी जखम भरत आलीय. भरू दे.

पण मला हार्लनचं सांगायचंय. तू हे वाच आणि मग ठरव.

कर्टिसपर्यंत पहिला तोच पोचला, हे तुला ठाऊक आहे. पहाटे रस्त्यावरचा बर्फ काढायची गाडी घेऊन तो निघाला होता, आणि वळणाखाली चारीत कर्टिसचा ट्रक दिसला. यापलीकडे त्यानं कुणाला काही सांगितलं नाही. मलाही नाही. डाव्या हातावर टाके पडले होते. ते गाडीच्या साखळीनं कापलं म्हणाला, मी मानलं.

गेल्या आठवड्यात हौदावरून परत येताना त्यानं रस्त्याच्या कडेला ट्रक उभा केला. मला वाटलं टायर गेला. वॉली मागे झोपला होता. हार्लन समोर बघत म्हणाला, "साखळीनं नव्हतं कापलं."

"मग?"

"हा चावला होता."

मग सांगितलं. मी त्याच्याच शब्दांत लिहिते, कारण माझ्याकडे दुसरे नाहीत.

"दार उघडलं तर हा त्याच्या छातीवर पसरला होता. आडवा. मला जवळ येऊ देईना. असा गुरगुरत नाही हा कधी. मी गळपट्ट्याला धरून ओढला, तर हात फोडला माझा. तरी ओढून बाहेर टाकला बर्फात. आणि आर्डिस, मी कर्टिसच्या छातीवर हात ठेवला तर छाती गरम होती. मला वाटलं, आहे. अजून आहे. मी त्याला हाका मारत होतो, चोळत होतो, किती वेळ कोण जाणे. मग दंडाला हात लावला. गालाला लावला. ते थंडगार. ऊब कुत्र्याची होती. कुत्रा होता तेवढीच जागा गरम होती."

ब्रिटा, तीन वर्षं हा माणूस हे पोटात घेऊन माझ्यासमोर बसून जेवला. कुत्र्यानं आपल्याला फसवलं असं त्याला वाटायचं, आणि असं वाटतं म्हणून स्वतःची लाज वाटायची. म्हणून तो हात लावत नव्हता. आणि कुत्रा का जवळ जात नव्हता, ते आता मला विचारू नकोस.

हे सांगून झाल्यावर तो स्टिअरिंगवर डोकं ठेवून रडला. आमच्या लग्नाला चाळीस वर्षं होऊन गेली, मी त्याला रडताना पाहिलं नव्हतं, मुलाच्या दफनाच्या दिवशीसुद्धा नाही. मागून वॉली उठला, सीटवरून मान पुढे काढली आणि त्याच्या कानाशी नाक घातलं. हार्लननं हात मागे नेला आणि त्याच्या मानेत घातला.  शेजारून गाड्या जात होत्या.

तेव्हापासून तो झोपतो. दुसर्‍यांदा वाढ म्हणतो. काल अंगणात लुंडीनशी हुज्जत घालत होता, की वॉलीची झेप पुढच्या महिन्यात सतरावर जाईल की नाही. काउंटीच्या जत्रेत त्यानं नाव घातलंय, कुत्र्याचं आणि स्वतःचं.

तुझं पत्र मी त्याला दाखवलेलं नाही. तू वॉलीला मागतेयस हे त्याला माहीत नाही. एवढे दिवस मी तुला उत्तर देत नव्हते ते यामुळे.

तुझा हक्क मोडत नाही. मी फक्त मागतेय. राहू दे त्याला इथे. तुला नवं घर आहे, माणूस आहे, पुढे देव देईल ते सगळं आहे. आमच्याकडे एवढाच आहे.

तुझी,
आर्डिस


१९ ऑगस्ट

प्रिय ब्रिटा,

तुला पोचायला उशीर झाला असेल. रस्त्यात पाऊस होता, असं रेडिओवर ऐकलं. तू सुखरूप असशील असं धरून लिहिते.

काल जत्रेत तू कुंपणापाशी उभी होतीस हे मी आधीच पाहिलं होतं. निळा सदरा, केस कापलेले. आधी ओळखलंच नाही, मग उभं राहायच्या पद्धतीवरून ओळखलं. मी हात वर केला नाही. हार्लनला सांगितलं नाही. पहिली उडी तरी होऊ दे, असं म्हटलं मनात. तीही तू पाहिलीस. सतरा फूट आणि वर थोडं. लाउडस्पीकरवर आकडा सांगितला, लोकांनी टाळ्या वाजवल्या, लुंडीननं मक्याच्या पिठातलं सॉसेज खाता खाता काठीच उंच केली. हार्लन हसत होता. दात दिसतील असं. तुला आठवतं का तो तसा हसलेला? मला आठवत नव्हतं.

मग तू हसलीस. टाळ्यांमध्ये तुझ्या हसण्याचा आवाज मला ऐकूही आला नाही, पण वॉलीला आला.

दुसर्‍या उडीला हार्लन टोकावर उभा, खेळणं वर धरलेलं. त्यानं शीळ घातली. वॉली उठला, दोन पावलं धावला आणि थांबला. मान वळवली. आणि वळून पायर्‍यांवरून खाली, माणसांच्या पायांमधून, पाणी निथळत तुझ्याकडे. तू गुडघ्यांवर बसलीस, त्याच्या मानेत तोंड घातलंस. तो जो आवाज काढत होता तो मी त्याच्या तोंडून कधी ऐकला नाही. त्यापुढचं तुला दिसलं नसेल, म्हणून सांगते.

हार्लनचा हात अजून वर होता. खेळणं हातात. त्यानं पुन्हा शीळ घातली नाही. घालता आली असती. पंच म्हणाला, "साहेब, वेळ संपतेय. कुत्र्याला बोलवा." हार्लन म्हणाला, "नको. असू दे." आणि धक्क्यावरून खाली आला, हळूहळू, कठड्याला धरून.

तू वॉलीला पट्ट्यासकट माझ्या हातात दिलंस, "मी यायला नको होतं," म्हणालीस आणि पार्किंगकडे जवळजवळ पळालीस. मी तुला हाक मारली होती. तू माझं मागणं मानून आली होतीस का न मानता, नेणार होतीस का नुसतं बघणार होतीस, हे तुलाही ठरवता आलं नसेल. मी तुझ्यावर रागावलेली नाही. रागावायला जागा शोधली, सापडली नाही.

 घरी आल्यावर हार्लननं अंगणात नळीनं वॉलीला धुतलं, जुन्या टॉवेलनं पुसलं, पंजे एकेक करून, बोटांच्या मधलीसुद्धा जागा. आज सकाळी कॉफी ओतली आणि म्हणाला, "ती त्याला मागतेय ना?"

मी खोटं बोलले नाही. पत्रं काढून दिली. वाचली त्यानं, चष्मा पुसून पुसून.

"लिही तिला. ने म्हणावं."

"काही नाही लिहीत मी!" मी म्हटलं. मी ओरडलेच, ब्रिटा. "तुझं काय मग? परत त्या खुर्चीत जाऊन बसशील, भिंतीकडे बघत. मी नाही बघू शकत पुन्हा ते."

तो म्हणाला, "आर्डिस, मी एकदा त्याला त्याच्या माणसापासून ओढून काढलाय. चावला तो, बरोबर केलं त्यानं. दुसर्‍यांदा मी नाही ओढणार."

"तुझ्यावर माया नाही का त्याची?"

"आहे की. पण काल बघितलंस ना तू? हौदावर त्या पहिल्या दिवशी मला शोधत शोधत तो माझ्याकडे आला नव्हता. शीळ ऐकून आला होता. कर्टिस समजून. मग कर्टिस नाही तर नाही, म्हातारा आहे, असं म्हणून राहिला. तिच्याकडे तो तीच आहे म्हणून गेला."

 याला उत्तर तुझ्याकडे असेल तर मला कळव.

तर गुरुवारी दुपारी हार्लन वॉलीला घेऊन डुलूथला तुझ्या घरी येईल. मी येणार नाही. उजवा कान ओला राहिला की चिघळतो, पोहून झाल्यावर कोरडा करत जा. सॅल्मन त्याला पचत नाही, ओरेगनला सगळे देतील, देऊ देऊ नकोस. तिथे धक्का असेल तर त्याला जरूर ने. मार्कसला फेकू दे. जरा उंच आणि नाकाच्या पुढे फेकायचं, फार लांब नाही. शीळ नसली तरी तो आता उडी मारतो, ते शिकलाय.

लग्नाला मी येऊ शकणार नाही. हार्लनचं कारण सांगणार होते, पण खरं ते लिहिते. तुला दुसर्‍याचा हात धरताना बघून माझ्या तोंडावर जे दिसेल, ते तुझ्या फोटोत यायला नको. तू सुखी हो. मी तळघरात स्वयंपाक करत असताना त्या दिवशी तुझ्यासाठी प्रार्थना करीन, ती मनापासून असेल.

एकच मागणं आहे. हार्लन गाडी बंद करणार नाही. पट्टा तुझ्या हातात देईल, दोन शब्द बोलेल किंवा बोलणारही नाही. त्याला कॉफीला थांब म्हणू नकोस, मिठी मारू नकोस, मार्कसशी ओळख करून देऊ नकोस. तो ट्रककडे वळला की लगेच वॉलीला आत घे आणि दार लावून टाक. वॉली ट्रकमागे धावला तर हार्लनला गाडी चालवता येणार नाही. आणि धावला नाही, तर तेही त्याला आरशात दिसायला नको.

सांभाळ दोघांना, मार्कसला आणि वॉलीला.

कर्टिसची आई,
आर्डिस